तळघरातल्या संपसाठी पंप निवडताना

मत्स्यालयाचा संप, म्हणजे पाणी गाळण्यासाठीची खालची टाकी, तळघरात असेल, तर खोक्यावर ताशी 6000 लिटर लिहिलेला कोणताही पंप वरच्या 400 लिटरच्या टाकीला सहज पुरेल, असे काहींचे मत असते; ते मला धोक्याचे वाटते, कारण तो आकडा शून्य उंचीवरचा असतो. तळघरातील संपच्या पाणपातळीपासून वरच्या टाकीच्या पाणपातळीपर्यंत साडेतीन-चार मीटर अंतर सहज भरते, आणि अनेक बुडीत पंपांची पाणी चढवण्याची कमाल उंचीच तेवढी असल्याने तिथे प्रवाह जवळजवळ थांबतो. म्हणून उत्पादकाचा उंची-प्रवाहाचा आलेख मिळवावा, या उंचीत पाइप आणि एल्बो यांचे घर्षण धरावे, आणि त्या बिंदूवर टाकीच्या तिप्पट ते पाचपट, म्हणजे ताशी 1200 ते 2000 लिटर पाणी मिळते का, ते पाहावे. एवढे पुरे, टाकीतील खळबळ वेव्हमेकरवर, म्हणजे टाकीतच पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंपावर सोपवावी, कारण त्यासाठी पाणी मजलाभर चढवणे म्हणजे विजेची निव्वळ नासाडी आहे. पाइप मात्र पंपाच्या तोंडापेक्षा एक माप मोठा घ्यावा, व्यास वाढला की घर्षण झपाट्याने घटते. वीज गेल्यावर उलट येणारे सगळे पाणी संपमध्ये मावलेच पाहिजे. त्यासाठी केवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी उलट येऊ न देणाऱ्या झडपेवर) विसंबू नये, कारण क्षार साचले की तो नीट मिटत नाही.