मदत हवी आहे: बहाव्याचे 45 दिवस नेमके कुठून मोजायचे?

नमस्कार मंडळी,

पारनेर तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. बांधावर बहाव्याचं जुनं झाड आहे. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, हे आमच्या मामंजींचं ठाम गणित. मुगाचं बीसुद्धा ते त्याच अंदाजाने आणून ठेवतात. त्यांच्यानंतर हे सांगणारं घरात कोणी नाही, म्हणून यंदापासून तारखांसकट वहीत उतरवायचं ठरवलंय.

पण पहिल्याच नोंदीला अडले. बहाव्याचा घोस वरून खाली उमलत जातो. वरची फुलं गळायला लागतात तेव्हा टोकाला अजून हिरव्या कळ्याच असतात. त्यात एखादी फांदी आधी पिवळी होते, बाकीचं झाड मागाहून. मग पहिला दिवस कुठला धरायचा? मामंजींना विचारलं तर म्हणतात, "लांबून झाड पिवळं दिसलं पाहिजे." त्यांच्या नजरेला ते कळतं, माझ्या कळत नाही.

दुसरं म्हणजे, हा पाऊस वळवाचा की मोसमी? मुंबईत मोसमी पाऊस 2025 ला 26 मेलाच पोचला, 2023 ला 25 जून उजाडला. हिशेब खरा असेल तर तिकडचा बहावा 2025 ला 11 एप्रिलच्या आसपास आणि 2023 ला थेट 11 मेच्या सुमारास फुलायला हवा होता. मुंबई-ठाण्याच्या मंडळींनी कृपया फोनमधले त्या दोन वर्षांचे फोटो चाळून तारखा सांगाव्यात. यातून खूप काही कळेल.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावं शतक) झाडांच्या बहरावर वेगळा अध्याय आहे. कडुनिंब बहरला तर सुकाळ, कवठ बहरलं तर वारा. पानं तुकतुकीत आणि बिनभोकांची असली तर पाऊस चांगला, रुक्ष आणि भोकं पडलेली असली तर कमी. मला ही पानांची खूण फुलांपेक्षा जास्त पटते, कारण झाडाला ओल किती मिळतेय ते पानावर लगेच दिसतं. तुमच्या भागात अजून कोणी पानं बघून सांगतं का?

आणि हो, तारीख देताना झाड माळावरचं आहे की बागेतलं, पाणी मिळणारं, तेवढं जरूर लिहा. दोन्हींच्या नोंदी मी वेगळ्या ठेवणार आहे.