आर्डर पैसे मागतं, त्यात गैर काय?

खर्जातला
घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांत अधूनमधून एक कुरकुर ऐकू येते: गाणं रेकॉर्ड करून मिसळायचं आर्डर म्हणे मुक्त सॉफ्टवेअर, मग डाउनलोड करताना पैसे कसले? माझं म्हणणं, मागतं ते योग्यच. मागतं म्हणूनच त्याच्याभोवतीची माणसं वीसेक वर्षं टिकून आहेत. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, जीपीएल परवान्याखाली खुला आहे; हा परवाना कोड वापरायची, बदलायची, वाटायची मुभा देतो. कुणीही घ्यावा, बदलावा, आपल्या मशीनवर बिल्ड करावा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम बनवावा. पैसे पडतात ते तयार प्रोग्रामचे, तेही एक डॉलरपासून पुढे, ज्याला जसे झेपतील तसे. डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर तर तो रेपॉझिटरीतूनच, म्हणजे प्रोग्रामांच्या भांडारातूनच, फुकट मिळतो.

पॉल डेव्हिस हा अ‍ॅमेझॉनच्या अगदी पहिल्या प्रोग्रामरांपैकी एक. तिथून बाहेर पडून त्याने आर्डर लिहायला घेतलं. लिनक्सवर एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्यात नेणारं जॅकही त्याचंच. असली कामं रविवारी दुपारी बसून होत नाहीत.

आता ऑडॅसिटी बघा, तेही आवाज रेकॉर्ड करायचं मुक्त सॉफ्टवेअरच. १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालं, जगाने फुकट वापरलं. २०२१ मध्ये ते म्यूज ग्रुप या कंपनीकडे गेलं आणि वापराची माहिती गोळा करायचा प्रस्ताव आला, तेव्हा केवढा गहजब! त्याआधी हातभार लावायला यातले किती जण होते?

कळफलक
दादा, 'फक्त एक डॉलर' म्हणायला सोपं आहे. लातूरला अकरावीत शिकणाऱ्या पोराकडे विंडोजचा लॅपटॉप असतो, परदेशात चालणारं कार्ड नसतं. विंडोजवर आर्डर एकदा स्वतः बिल्ड करून दाखवा, मग 'कुणीही' म्हणा. फुकटच्या आवृत्तीत दहा मिनिटांनी आवाज बंद पडतो. ख्यालाची बढत चालू आणि स्पीकर मुका! त्या पोराने मग कुठलं तरी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं, तर तुमच्या गोतावळ्यात एक माणूस कमीच झाला ना?

आणि ऑडॅसिटीचं अर्धंच सांगितलंत. ओरड झाल्यावर तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. लोकांचा धाक असतो तो असा. कोड खुला म्हणून तोच घेऊन टेनॅसिटी नावाच्या प्रोग्रामची वेगळी चूलही मांडता आली.

झिलकरी
वेगळी चूल मांडली खरी, जेवायला किती गेले? जग अजून ऑडॅसिटीच वापरतंय. गाणं चालू असतानाच इफेक्ट बदलून ऐकायची सोय त्यात आली ती २०२२ मध्ये, म्हणजे कंपनी आल्यावर. त्याआधी कितीतरी वर्षं लोक ती मागत होते.

दुपारची_तोडी
तुम्ही सगळे पैशातच अडकलात. गाणारी-वाजवणारी माणसं जमतात ती देवाणघेवाणीला. सर्ज हा सिंथेसायझर आधी विकाऊ होता. २०१८ मध्ये त्याच्या कर्त्याने कोड खुला केला आणि स्वयंसेवकांनी तो पुढे नेला. आज त्यात स्काला फाइल, म्हणजे सुरांमधली अंतरं लिहिलेली फाइल, टाकून हवे ते सूर लावता येतात. समान अंतरांच्या पट्ट्यांवर गांधार षड्जापासून ४०० सेंटवर पडतो (सप्तकाचे १२०० सेंट), तानपुऱ्यातून ऐकू येतो तो साधारण ३८६ वर. हे १४ सेंट कानाला टोचतात म्हणून पेटीवर किती वाद झाले! इथे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आकडा बदलायचा, पुढच्याला पाठवायची. तो तपासणार, नावं ठेवणार, स्वतःची करून परत पाठवणार. माझ्या लेखी समूह तो हाच.

भातखंड्यांनी तरी काय केलं? घराण्यांच्या पेटाऱ्यातल्या बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत मांडल्या आणि क्रमिक पुस्तकांतून कुणालाही शिकता येतील अशा छापल्या.

झिलकरी
ताई, भातखंडे वकील होते, पोटापाण्याची सोय आधीच होती. ग्वाल्हेरला १९१८ मध्ये संगीत विद्यालय निघालं ते शिंदे सरकारांच्या आश्रयाने. म्हणजे मोल कुणीतरी मोजलंच. तुमच्या सर्जचे स्वयंसेवकही दिवसा कुठेतरी नोकरी करत असतील, ती त्यांची शिष्यवृत्तीच म्हणा.

दुपारची_तोडी
मोजावं की. पण ग्वाल्हेरच्या दारात महाराजांनी तिकीटखिडकी लावली नव्हती.

खर्जातला
कळफलक, कार्डाचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण एक गोष्ट सगळेच विसरताहेत. जीपीएलमुळे एकाने पैसे भरून घेतलेली प्रत दुसऱ्याला द्यायला आडकाठी नाही. क्लासमधल्या एकाने घ्यावी, पेनड्राइव्हवरून सगळ्यांना द्यावी. चोरी नाही, काही नाही. मात्र तेच सगळीकडे होऊ लागलं तर पुढची आवृत्ती लिहिणारा काय खाणार, तेवढं सांगा.

कळफलक
ते नंतर भांडू. आधी सांगा, विंडोजची प्रत कुणाकडे आहे?