गुऱ्हाळावर फ्लॅश न्यावा की नेऊ नये?

रंकाळ्याचा वारा
परवा कागलच्या बाजूला एका गुऱ्हाळावर गुळव्या (गूळ शिजवणारा कारागीर) मामांचा फोटो काढायला गेलो. काहील (रस आटवायची मोठी कढई) रटरटत होती, गूळ उतरायला आलेला. मामा म्हणाले, "दोन मिनिटं हायत, काय काढायचं ते काढा."

माझं मत सांगतो, भांडा. अशा ठिकाणी एक छोटा फ्लॅश, रेडिओ ट्रिगर (कॅमेऱ्यावरून दूरचा फ्लॅश उडवायला), उजेड मऊ करायला पांढरी छत्री आणि ती धरायला एक दोस्त. बास. स्टँडसुद्धा नको. फ्लॅश मॅन्युअलवर, म्हणजे ताकद आपण ठरवायची, पूर्ण ताकदीच्या १/१६, छत्री चेहऱ्यापासून मीटरभर. दोस्तानं तेवढं अंतर राखलं की एक्स्पोजर हलत नाही. अंतर दुप्पट केलं तर उजेड चौथाईवर येतो, म्हणून दोस्त शहाणा पाहिजे.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचं खरं कारण वाफ. समोरून मारला की वाफेची पांढरी भिंत होते. बाजूनं, जरा मागून मारला की तीच वाफ मामांच्या मागं उजळून उभी राहते.

चिपाडाचा धूर
मग गुऱ्हाळावर गेलाच कशाला? घरात पातेलं उकळायचं आणि शेजाऱ्याला फेटा बांधायचा! चुलाणाचा (काहिलीखालच्या भट्टीचा) लालसर उजेड सोडून तुम्ही तिथं लग्नाच्या हॉलचा उजेड नेला. फ्लॅशशिवाय, कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून आयएसओ ३२००, भिंग उघडं एफ/२, शटर १/६० सेकंद. सगळं मिळतं.

रंकाळ्याचा वारा
भावा, चुलाणाचं तोंड मागल्या अंगाला, खाली खड्ड्यात असतंय. तो उजेड चिपाड (उसाचा चोथा) आत सारणाऱ्याच्या तोंडावर पडतो, गुळव्याच्या नाही. गुळव्याला मिळतो दारातला, तोही पाठीमागून. आणि १/६० ला ढवळणारा हात पुसट होतो.

रंगाचं मात्र मान्य. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावून कॅमेऱ्याचा रंग ३२०० केल्व्हिनवर, म्हणजे पिवळ्या उजेडासाठी, ठेवला तर चेहरा सरळ येतो, पण दारातलं ऊन निळं पडतं. मला ते निळं आवडतं. तुम्हाला नसेल आवडत.

प्रीवेडिंगवाला
छायेत ठीक आहे हो. रंकाळ्यावर दुपारी बाराला जोडी उभी करा मग कळेल. भर उन्हात आयएसओ १०० ला १/२०० म्हणजे एफ/११. मागचं धूसर पाहिजे म्हणून एफ/२.८ ला गेलात की शटर सेकंदाच्या ३२०० व्या हिश्श्यावर. तिथं हायस्पीड सिंक (इतक्या वेगवान शटरशी फ्लॅश जुळवायची सोय) लागतं, आणि त्यात छोट्या फ्लॅशचा दम निघतो. मी २०० वॅट-सेकंदांचा वापरतो. वजन आहे, पण मान खाली घालावी लागत नाही.

रंकाळ्याचा वारा
एनडी फिल्टर (भिंगावरची करडी काच) लावा की. ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कमी होतात, शटर १/२०० वरच राहतं. अर्थात उन्हाशी बरोबरी करायला फ्लॅश मग जवळच आणावा लागतो, ते आहेच. आणि पन्हाळ्यावर सज्जाकोठीजवळ मोठी छत्री स्टँडवर लावून बघा एकदा. वाऱ्यानं माझी दरीकडं निघाली होती, दोस्तानं झडप घालून धरली.

उजेडवाली
अरे, एलईडी कुणी का बोलेना? साठ वॅटचा हातात धरायचा. उजेड कुठं पडतोय ते डोळ्यांना दिसतं, माणूस दचकत नाही, व्हिडिओही होतो.

रंकाळ्याचा वारा
संध्याकाळी पंचगंगा घाटावर मीही तोच नेतो. पण हिशेब बघा: साठ वॅट आणि १/१०० सेकंद म्हणजे ०.६ ज्यूल (वॅट-सेकंद म्हणजेच ज्यूल). छोटा फ्लॅश पूर्ण ताकदीला साधारण ७० देतो, म्हणजे १/१६ वरही चार-साडेचार. एलईडी तेवढ्याच विजेत थोडा जास्त उजेड देतो म्हटलं तरी दारातल्या उन्हापुढं तो दिसत नाही.

दुसरं, गुळव्या रसाचा रंग बघून गूळ ओळखतो. त्याच्या काहिलीवर सतत पांढरा झोत मारायचा म्हणजे त्याच्या डोळ्यात धूळ. फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात येऊन जातो. मामांनी पहिल्या उजेडाला एकदा वर बघितलं, मग परत काहिलीकडं.

चिपाडाचा धूर
हे रंगाचं पटलं. बाकी काही पटलं नाही. वर बघितलं म्हणताय, म्हणजे लक्ष गेलंच ना? मी तासभर कोपऱ्यात बसतो, चहा घेतो, मग कॅमेरा काढतो. माणूस विसरतो मला.

रंकाळ्याचा वारा
तासभर असेल तर मीही फ्लॅश पिशवीतच ठेवीन. रविवारी मामांना प्रिंट द्यायला जातोय. या, तुमच्या पद्धतीनं काढा, शेजारी शेजारी ठेवून बघू.

चिपाडाचा धूर
येतो. छत्री मात्र धरणार नाही.