हाताला प्लास्टर असताना तेफिलीन कसे बांधावेत?

प्रश्न: माझ्या डाव्या हाताचे हाड मोडले असून दंडापासून मनगटापर्यंत प्लास्टर आहे. तेफिलीन म्हणजे ज्यू पुरुष प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि डोक्याला पट्ट्याने बांधतात त्या, धर्मवचने असलेल्या चामड्याच्या डब्या. मी उजव्या हाताने कामे करणारा असल्यामुळे हाताचे तेफिलीन डाव्या दंडावर बांधतो. प्लास्टर निघेपर्यंत ते उजव्या दंडावर बांधावेत, प्लास्टरवरूनच बांधावेत, की तेवढे दिवस सोडून द्यावेत?

उत्तर: उजव्या दंडावर नेऊ नयेत. हात काही काळ जायबंदी झाला म्हणून माणूस डावखुरा ठरत नाही. खरी अडचण मध्ये येणाऱ्या थराची आहे. तेफिलीन आणि त्वचा यांच्यामध्ये काही असू नये, असे योसेफ कारो यांच्या शुल्हान आरुख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात सांगितले आहे. त्या ग्रंथावरील मोशे इस्सर्लेस यांच्या टिपेनुसार मात्र ही अट डबीपुरती आहे, पट्ट्याला ती लागू नाही. म्हणूनच प्लास्टर कोपराच्या खाली असते, तर पट्टा त्यावरून गुंडाळून प्रश्न मिटला असता. दंडच झाकलेला असेल, तर प्लास्टरवरून, पण आशीर्वाद (तेफिलीन बांधताना म्हणायचे स्तुतिवचन) न म्हणता बांधावेत. डोक्याचे तेफिलीन नेहमीप्रमाणे घालावेत, कारण हाताच्या तेफिलीनवाचून डोक्याचे अडत नाहीत, हे मिश्ना या प्राचीन ज्यू नियमसंग्रहाच्या मेनाखोत भागात स्पष्ट आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दंडाचा वरचा भाग मोकळा आहे, हे लिहायचे राहिले.

उत्तर: मग चित्र बरेच बदलते. डबी एरवी दंडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, स्नायूच्या फुगीर जागी बसते. परंतु विल्नाचे गाओन म्हणून ओळखले जाणारे धर्मपंडित वरचा अर्धा भागही ग्राह्य मानतात, आणि खाली जखम असल्यास त्या मतावर विसंबता येते, असे मिश्ना बेरूरा हा शुल्हान आरुखावरील भाष्यग्रंथ सांगतो. डबी स्नायूवरच राहील, खांद्यावर चढणार नाही, एवढे पाहावे.

दुसरे उत्तर: गाठ एका हाताने आवळणे जमत नसेल, तर घरातल्या कोणाकडून बांधून घ्यावे, आशीर्वाद मात्र तुम्हीच, पट्टा आवळण्यापूर्वी म्हणायचा. नुसते डोक्याचे घालण्याची वेळ आली, तर अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपीय ज्यूंच्या) प्रथेत हाताचा व डोक्याचा असे दोन्ही आशीर्वाद म्हणतात आणि सेफार्दी (मूळच्या स्पेनकडील ज्यूंच्या) प्रथेत एकच, म्हणून आपल्या राबींना (धर्मगुरूंना) विचारून घ्यावे. वेदनेमुळे चित्त थाऱ्यावर नसलेल्या माणसाला तेफिलीनची सक्तीच नाही. त्यामुळे प्लास्टर कापून जागा करून घेण्याचा विचार, डॉक्टरांनी स्वतःहून सुचवल्याखेरीज, मनातही आणू नये.