छोट्या लॅपटॉपवर पीडीएफ आणि वर्ड शेजारी-शेजारी ठेवून काम करायचंय, जागाच पुरत नाही

ओळीमागून_ओळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी अनुवादाचं काम करते. डावीकडे मूळ मजकुराची पीडीएफ, उजवीकडे वर्ड, आणि मध्येमध्ये शब्दकोश बघायला ब्राउझर, असं दिवसभर चालू असतं. लॅपटॉप १३.३ इंची आहे, स्क्रीन १९२० बाय १०८०, विंडोज ११. घेताना फुल एचडी म्हटल्यावर वाटलं भरपूर जागा मिळेल, पण दोन खिडक्या शेजारी लावल्या की वर्डमध्ये जेमतेम दहा-बारा ओळी दिसतात आणि अक्षरं इतकी बारीक होतात की काना-मात्रा तपासताना स्क्रीनला नाक लागायची वेळ येते. अक्षर मोठं केलं की पान उजवीकडे बाहेर जातं, मग प्रत्येक ओळीला आडवं सरकवत बसा.

मोठा मॉनिटर घे असं कृपया सांगू नका, काम घरी, लायब्ररीत, प्रवासात असं सगळीकडे चालतं, जे काही करायचं ते याच स्क्रीनवर करायचंय. काय काय करता येईल?

---

पिक्सेलमोज्या

ताई, आधी एक गोष्ट बघा. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, तिथे 'स्केल' (सगळं किती टक्के मोठं करून दाखवायचं ते) किती आहे? माझा अंदाज १५० टक्के. १३.३ इंची फुल एचडीला विंडोज बहुतेक वेळा तेवढंच सुचवतं. आता १९२० ला दीडने भागा, १२८० येतात, १०८० ला भागा, ७२० येतात. म्हणजे स्क्रीन कितीही बारीक कणांची असली तरी खिडक्यांना मांडायला जागा मिळते १२८० बाय ७२० एवढीच. जुन्या स्वस्त लॅपटॉपवर १३६६ बाय ७६८ असायचं ना, ते १०० टक्के स्केलवर चालायचं, म्हणजे त्याच्यावर तुमच्यापेक्षा जास्त जागा होती! अक्षरं तुमची जास्त कोरीव दिसतात हे खरं, पण जागा कमी.

१२५ करून बघा, मग १५३६ बाय ८६४ होतात. उंचीला १४४ जास्त मिळाले, हा काही लहान फरक नाही. अक्षरं बारीक वाटली तर स्केल परत वाढवू नका, ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'टेक्स्ट साइझ' म्हणून वेगळा सरकपट्टा आहे तो थोडा पुढे न्या, त्याने मेनूंची वगैरे अक्षरं तेवढी वाढतात, बटणं आणि मोकळ्या जागा फुगत नाहीत.

दुसरं, या ७२० मधून काय काय कापलं जातं ते मोजा. विंडोज ११ चा टास्कबार (तळाची पट्टी) ४८ खातो. ब्राउझरचे टॅब, पत्त्याची पट्टी आणि बुकमार्कची पट्टी मिळून एकशेवीसच्या आसपास जातात. राहिले साडेपाचशे. म्हणजे वाचायला बसायच्या आधीच जवळपास पाव स्क्रीन गेली. रुंदीची बोंब नसतेच हो, १६:९ च्या स्क्रीनवर उंचीच मारते, त्यामुळे जी पट्टी आडवी आहे ती आधी हाकला.

टास्कबार ऑटोहाइड करा, म्हणजे नको तेव्हा तो आपोआप लपतो. बुकमार्कची पट्टी कंट्रोल+शिफ्ट+बी ने जाते आणि त्यानेच परत येते. एज ब्राउझरमध्ये टॅब उभे करता येतात, फायरफॉक्समध्येही १३६ व्या आवृत्तीपासून (मार्च २०२५) ती सोय आली, टॅब डाव्या कडेला जातात आणि नुसत्या आयकॉनपुरते आखडून ठेवता येतात. एजमध्ये तर उभे टॅब केल्यावर वरची टायटल बारही लपवायचा पर्याय आहे, तो नक्की चालू करा.

---

शांत_कीबोर्ड

वरचं सगळं बरोबर आहे पण मला एक सांगावंसं वाटतं, ताईंचा मुख्य त्रास स्केलने जाणार नाही. मी प्रूफं तपासायचं काम करतो त्यामुळे हे रोजचं आहे.

ए४ पान २१० मिलिमीटर, म्हणजे १०० टक्के झूमला वर्डमध्ये त्याची रुंदी ७९४ पिक्सेल होते. १५० स्केलवर अर्धी स्क्रीन ६४०. पान मावायला झूम ८० च्या खाली जाणार. १२५ वर अर्धी स्क्रीन ७६८, झूम नव्वदच्या वर राहील, आकडा बघून बरं वाटतं, पण स्क्रीनवर पट्टी लावून मोजलंत तर अक्षर तेवढंच! कारण पान दोन्ही वेळा त्याच अर्ध्या स्क्रीनच्या रुंदीत कोंबलंय, अर्धी स्क्रीन काही सेंटिमीटरने वाढली नाही. १२५ ने फायदा होतो तो एवढाच की रिबन (वर्डची वरची बटणांची पट्टी), टास्कबार, टूलबार बारीक होतात आणि खाली थोड्या ओळी जास्त दिसतात. तो घ्याच, पण अक्षर त्याने मोठं होणार नाही.

अक्षर मोठं करायचं तर पानच सोडून द्यायचं. व्ह्यू मध्ये जाऊन 'वेब लेआउट' निवडा. यात पानाची कड नसते, समास नसतो, मजकूर खिडकीच्या रुंदीप्रमाणे वळतो, मग झूम १४० करा नाहीतर १६०, ओळ बाहेर जात नाही, आडवं सरकवणं बंद. अनुवाद करताना पान कुठे तुटतं याच्याशी आपल्याला काय करायचंय, शेवटी पाठवताना प्रिंट लेआउटमध्ये एकदा बघून घ्यायचं. फाइलमध्ये काहीही बदलत नाही, फक्त दिसायला बदलतं.

रिबन कंट्रोल+एफ१ ने मिटवा, नुसती नावांची ओळ राहते. रूलर बंद. डावीकडचं नॅव्हिगेशन पेन उघडं असेल तर तेही बंद. आणि प्रिंट लेआउटमध्येच राहायचं असेल तर दोन पानांच्या मधल्या पट्टीवर डबल क्लिक करा, वरखालचे कोरे समास मिटतात.

पीडीएफच्या बाबतीत पण हेच. चारी बाजूंना एक-एक इंच समास असलेलं ए४ पान घेतलं तर रुंदीचा जवळजवळ चौथा भाग नुसता पांढरा. सुमात्रा पीडीएफ या पीडीएफ वाचायच्या प्रोग्रॅममध्ये 'फिट कंटेंट' आहे, ते समास सोडून फक्त मजकूर खिडकीभर लावतं. ओक्युलर या तशाच प्रोग्रॅममध्ये 'ट्रिम मार्जिन्स' नावाने तेच. 'फिट विड्थ' करून लोक थांबतात, त्यात समास तसेच राहतात.

---

एक_खिडकी_एक_काम

मी थोडं वेगळं सांगते. तिसरी खिडकी, म्हणजे शब्दकोशाचा ब्राउझर, तो या दोघांच्या डोक्यावर आणू नका. विंडोज+कंट्रोल+डी दाबलं की नवीन डेस्कटॉप तयार होतो, ब्राउझर तिथे पूर्ण स्क्रीनभर उघडून ठेवा. विंडोज+कंट्रोल+डावा किंवा उजवा बाण, की इकडून तिकडे. पीडीएफ आणि वर्डची मांडणी जशीच्या तशी राहते. ऑल्ट+टॅबने खिडक्या एकमेकांवर येत राहतात ना, मग कुठली कुठे गेली ते शोधण्यातच लक्ष जातं, वाक्य अर्धं डोक्यात असताना ते फार जाचतं.

आणि दोघींना सारखी जागा द्यायची गरज नाही. विंडोज+झेड दाबा, मांडण्या दिसतील, किंवा अर्धी-अर्धी लावून मधली रेघ माउसने ओढा. मूळ मजकूर इंग्रजी असेल तर तो बारीक अक्षरातही वाचता येतो, त्याला चाळीस टक्के पुरे. मराठीला साठ द्या, कारण आपल्या लिपीत वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, सगळं त्याच उंचीत बसवायचं असतं. रोमन अक्षर ज्या आकारात आरामात वाचता येतं त्याच आकारात 'द्ध' आणि 'द्व' मध्ये फरक कळत नाही, 'रु' आणि 'रू' तर विसराच. तपासणीच्या कामात हे महत्त्वाचं आहे, डोळे ताणून केलेली तपासणी ही तपासणी नव्हे.

फॉन्टपण बघा. मंगल असेल तर त्याच्या दोन ओळींमध्ये फार जागा जाते. काम करण्यापुरता निर्मला यूआय लावून बघा, त्याच झूमला जास्त ओळी बसतात. लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' करून घट्ट करायचा मोह होईल, पण आकडा कमी पडला की वरच्या मात्रा स्क्रीनवर कापल्या जातात आणि 'के' चा 'क' दिसायला लागतो. ते करूच नका.

---

टर्मिनल_प्रेमी

ताई विंडोजवर आहेत म्हणून थोडक्यात लिहितो, पण लिनक्सवाले कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी. एक्सएफसीई या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये पॅनेल (तिथला टास्कबार) 'डेस्कबार' मोडमध्ये टाकून डाव्या कडेला उभं करता येतं, उंची पूर्ण मोकळी. विंडोज १० मध्येही टास्कबार कडेला नेता यायचा, २०२१ मध्ये ११ आलं तेव्हा ती सोय काढून टाकली, मला तो निर्णय अजिबात पटला नाही, कारण छोट्या स्क्रीनवाल्यांनाच त्याची खरी गरज होती. आयथ्री सारखा टायलिंग विंडो मॅनेजर (खिडक्या आपोआप शेजारी-शेजारी मांडणारा प्रोग्रॅम) वापरलात तर खिडक्यांच्या टायटल बारसुद्धा काढून टाकता येतात.

अजून एक, काही सेटिंगच्या खिडक्या स्क्रीनपेक्षा उंच असतात आणि 'ओके' चं बटण खाली गडप होतं. एक्सएफसीईमध्ये ऑल्ट दाबून, नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये सुपर (विंडोजचं बटण) दाबून, खिडकी कुठेही धरून वर ओढता येते, टायटल बार स्क्रीनच्या बाहेर गेली तरी चालतं.

---

ओळीमागून_ओळ

सगळ्यांचे मनापासून आभार. स्केल खरंच १५० वर होतं, १२५ केलं. वेब लेआउट हा पर्याय इतकी वर्षं समोर होता आणि मला वाटायचं तो वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी आहे. झूम १५० वर ठेवलंय, चाळीस-साठ अशी मांडणी, ओळी जास्त दिसतायत आणि वाचताही येतंय. समास काढल्यावर पीडीएफचं अक्षरसुद्धा चांगलंच वाढलं.

दोन अडचणी राहिल्यात. वर्डमधल्या कॉमेंट्स उघडल्या की उजवीकडची जागा परत जाते. आणि टास्कबार लपवल्यापासून माउस खाली गेला की तो उसळून वर येतो, नेमकी तेव्हाच मला शेवटची ओळ बघायची असते.

---

शांत_कीबोर्ड

कॉमेंट्ससाठी: रिव्ह्यूमध्ये 'शो कॉमेंट्स' आहे, त्यात 'काँटेक्च्युअल' ठेवलंत तर आवृत्तीप्रमाणे फक्त छोटं चिन्ह राहतं आणि त्याच्यावर क्लिक केलं की ती एकच कॉमेंट उघडते. अनुवाद करताना असं ठेवा, कॉमेंट्सना उत्तरं द्यायच्या वेळी पीडीएफ बंद करून वर्ड पूर्ण स्क्रीनभर घ्या आणि सगळ्या एकदम उघडा. दोन्ही कामं एकाच बैठकीत मिसळली नाहीत तर जागाही पुरते.

---

पिक्सेलमोज्या

टास्कबारचं: शेवटची ओळ तळाला येऊच देऊ नका. वर्डमध्ये मजकुराच्या शेवटी आठ-दहा वेळा एंटर मारून ठेवा, म्हणजे लिहायची ओळ स्क्रीनच्या मध्यावर सरकवून घेता येते, माउस खाली न्यायचं कारणच उरत नाही. पाठवताना तेवढे एंटर काढायचे. आणि ॲप बदलायला टास्कबार बघायची गरज नाही, पिन केलेल्या ॲपच्या क्रमाने विंडोज+१, विंडोज+२ असं दाबा. पहिलं वर्ड, दुसरं पीडीएफ असं ओढून लावून घ्या. तारीख-वेळ बघायची असली तर नुसतं विंडोजचं बटण दाबलं की टास्कबार वर येतो, परत दाबलं की जातो. तरीही उसळणं त्रासदायक वाटलं तर ऑटोहाइड बंद करा, १२५ वर आता ८६४ पैकी ४८ च जातायत, पूर्वी ७२० पैकी जायचे.