मनोरुग्ण बंद्यांना काम देणं हा उपचार की वेळकाढूपणा?

सुरंगी:
परवा एका गटात पोस्ट फिरत होती: 'वेड्या गुन्हेगारांना तुरुंगात पाकिटं चिकटवायला नि काथ्या वळायला शिकवणं म्हणजे करदात्यांच्या पैशाची नासाडी. गोळ्या द्या, कोठडीत ठेवा, विषय संपला.' खाली अंगठ्यांचा पाऊस. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गोळीने कानात ऐकू येणारे भासाचे आवाज बहुधा थांबतात. पण सकाळी उठून तोंड धुणं, हातातलं काम शेवटाला नेणं, एकामागून एक काय करायचं ते लक्षात ठेवणं हे गोळीने आपोआप परत येत नाही. स्किझोफ्रेनियात लक्ष, स्मरण आणि कामाचा क्रम आधी ढासळतो आणि सुधारायला सगळ्यात जास्त वेळ घेतो. त्यात जेलमध्ये घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं. स्वतः ठरवायला काही उरतच नाही, मग होतं नव्हतं तेही जातं.

व्यवसायोपचारात, म्हणजे कामातून केलेल्या उपचारात, नेमकं काय बघतात? ॲलन चाचणी घ्या, टाके घालायला लावून माणसाची समज जोखणारी. कडेला भोकं पाडलेला चामड्याचा तुकडा आणि चपटी वादी, एका बाजूने गडद, दुसऱ्या बाजूने फिकी. आधी साधा धावदोरा, दाखवला तसा तीन टाके. मग काठावरून गुंडाळत जाणारा टाका. इथे थेरपिस्ट मुद्दाम वादीला पीळ घालतो, मागच्या बाजूला एक फुली पाडतो आणि विचारतो, चुकलंय कुठे? शेवटचा कॉर्डोव्हन टाका, सगळ्यात अवघड, तो नमुना बघून स्वतः शोधायचा. धावदोऱ्यावर अडकलेल्या माणसाला एका वेळी एकच सूचना द्यावी लागते, गोळ्यांची पुडी त्याच्या हाती सोपवून चालत नाही. कॉर्डोव्हन शोधून काढणारा नवं काम चुकतमाकत शिकतो. सुटल्यावर कोणाला किती आधार लागेल याचा अंदाज इथे बांधता येतो. पाकीट चिकटवणं हे फक्त निमित्त!

कातळसडा:
चाचणीबद्दल वाद नाही. पण काथ्या? गळफासाचं सामान तुम्ही स्वतःच्या हाताने आत नेणार? बंद्याने जीव दिला तर चौकशी ड्युटीवरच्या शिपायाची होते, थेरपिस्टची नाही.

सुरंगी:
रास्त हरकत. म्हणूनच काथ्या हातभर लांबीचे तुकडे करूनच आत जातो आणि वळलेली दोरी त्याच बैठकीत मोजून बाहेर येते. हत्यारं फळीवर टांगायची, प्रत्येकाच्या मागे त्याचीच आकृती रंगवलेली. एक जागा रिकामी दिसली की दार उघडत नाही. मोजणी बैठक संपल्यावर करायची नाही, माणसं अजून बसलेली असतानाच करायची. नंतर केली तर झडती अख्ख्या बराकीची घ्यावी लागते.

खाडीपट्टा:
काथ्याचं एवढं काय घेऊन बसलात? किनाऱ्यावरच्या माणसाला जाळं द्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर, सगळी जाळी दुरुस्तीला. बांबूची बोथट सुई, आसाच्या, म्हणजे जाळ्याच्या भोकाच्या, मापाची फळी. फळी सरकली की आस लहान-मोठा होतो आणि चूक तिथल्या तिथे दिसते, कोणी ओरडावं लागत नाही. सुटल्यावर बंदरात हेच काम मिळतं.

कातळसडा:
नायलॉन?! काथ्या निदान तुटतो तरी. नायलॉनचा दोरा माणसाचं वजन पेलतो आणि हातही कापतो. जेलबद्दल लिहिताय की मच्छी सोसायटीबद्दल?

माडबाग:
जाळं पटाक नाय. एक तर दोरा, दुसरं म्हणजे औषधांनी हात थरथरणाऱ्याला गाठ आवळता येत नाही, तो तिथेच सोडून देतो. त्यापेक्षा काजूची प्रतवारी. 240, 320 (पौंडात किती गर बसतात तो आकडा), पाकळी, तुकडा अशा चार थाळ्या. बी फोडण्याच्या कामावर मात्र मुळीच नको, टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. एप्रिल-मेमध्ये आमसुलं: फळ आधीच कापून आत न्यायचं, आत बिया काढणं, सालं मिठाच्या रसात बुडवणं, वाळवणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुट. काल कुठवर आलो होतो हे आठवणं हाच व्यायाम.

खाडीपट्टा:
आणि वाळवण उन्हात कोण घालणार? क्लोरप्रोमाझिन, म्हणजे भासांवरची गोळी, घेणाऱ्याची कातडी उन्हाने पोळते. मनःस्थितीचे चढउतार आवरणाऱ्या लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्याला मे महिन्यात अंगणात घाम गाळायला लावलंत तर शरीरातलं मीठ-पाणी कमी होऊन रक्तात लिथियम चढतं. मग उलट्या, तोल जाणं. जाळ्याला नावं ठेवणाऱ्यांनी आपल्या आमसुलांकडे बघावं.

माडबाग:
वाळवण घालायला कर्मचारी आहेत की! बंदी सावलीत पुट देतात, पाण्याची बाटली शेजारी. लिथियमचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा घेतला. जाळ्याचा नाही घेतला.

सुरंगी:
तुम्ही दोघे मालावर भांडताय. दहा मिनिटंही न बसवणाऱ्या, सतत पाय हलवणाऱ्या माणसाचं काय करणार? शिपायाला ती मस्ती वाटते, डॉक्टरला आजार बळावला असं वाटतं, गोळी वाढते आणि त्याच गोळीने चुळबूळ आणखी वाढते. पाऊण तास त्याच्या समोर बसणाऱ्या थेरपिस्टलाच हा दुष्परिणाम आहे हे ओळखता येतं. दोन मिनिटांच्या तपासणीत तो सुटतो.

कोर्टकचेरी:
आमसुलं आणि जाळी बाजूला ठेवा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 103 सांगतं की जेलच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं, आमच्याकडे एकही मनोरुग्ण बंदी नाही. खटल्याला उभं राहण्याजोगा नसलेल्या आरोपीचं काय करायचं ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 367 ते 369 मध्ये आहे. तरीही माणसं अडकून पडतात. आसामात मचांग लालुंगना 1951 ला पकडलं आणि 2005 ला सोडलं! आधी लोकांना बाहेर काढा, मग टाके शिकवा.

सुरंगी:
बाहेर काढा, आणि पुढे? राज्यातल्या जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्याच रत्नागिरीत आहे. घरी परतणाऱ्याला एसटी बदलून जिल्हा रुग्णालयात यायचं, महिन्याच्या गोळ्या न्यायच्या, सकाळ-रात्र वेगळी ठेवायची, आधार कार्ड हरवलं असेल तर नवं काढायचं. ह्याचीही तालीम आतच होते. पुड्या गोळ्यांऐवजी शेंगदाण्यांच्या, तिकिटाचे सुटे पैसे खरे, बसची पाटी वाचणं खरं. ते न शिकवता सोडलेला माणूस औषध तोडतो आणि परत आत येतो.

कोर्टकचेरी:
एवढं मानतो. पण न्यायाधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, बंद्यावर कामाची सक्ती करता येत नाही, हे लिहून ठेवा.

कातळसडा:
ठीक. दोरी आणि जाळं, दोन्हीला माझा विरोध कायम. प्रतवारी आणि आमसुलं चालतील, तीन अटींवर. सुऱ्या फाटकाबाहेर. गटात सहाच जण आणि दुपारी बराकी बंद व्हायच्या आत बैठक संपलेली. आणि शिक्षा झालेल्यांपैकी जो येणार नाही त्याची शिक्षेतली सूट बंद.

सुरंगी:
पहिल्या दोन आत्ता मान्य. तिसरी कधीच नाही. कोपऱ्यात तोंड फिरवून पडून राहणं, कशातच मन न लागणं हे ह्या आजाराचं लक्षण आहे आणि तुम्ही लक्षणालाच शिक्षा लावताय. शिवाय त्याच कायद्याचं कलम 20 उपचारकेंद्रात सक्तीचं काम नाकारतं आणि केलेल्या कामाचा मोबदला द्यायला सांगतं, आणि जेलमधला मनोरुग्ण कक्षही त्याच कायद्याखाली नोंदवायचा असतो. जो गटात येत नाही त्याच्याकडे थेरपिस्टने बराकीत जायचं. सुरुवात त्याच्याच चादरीच्या घडीपासून: एक टोक त्याने धरायचं, एक आपण. पहिल्या दिवशी टोकही धरलं नाही तर तसंच लिहायचं, आणि ती नोंद त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायची.