मदत हवी आहे: लिबआयडीएन२ चं डेबियन पॅकेज, टेस्ट आणि दऱ्या-दर्याचा घोळ

नमस्कार मंडळी, ऑफिसच्या अंतर्गत रिपॉझिटरीसाठी लिबआयडीएन२ या, इंग्रजीबाहेरच्या लिप्यांतली डोमेन नावं हाताळणाऱ्या लायब्ररीचं डेबियन लिनक्ससाठीचं पॅकेज बनवतोय, मराठी डोमेन नावं प्युनिकोडमध्ये (साध्या इंग्रजी अक्षरांतल्या रूपात) बदलायला. लॅपटॉपवर सगळं मस्त चालतं पण बिल्ड सर्व्हरच्या स्वच्छ च्रूटमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत) मी स्वतः लिहिलेल्या देवनागरीच्या टेस्ट धडाधड आपटतात. तिथं लोकॅल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) नुसतं सी, म्हणजे फक्त साध्या इंग्रजी अक्षरांचं, असतं आणि कमांड लाइनवरचं नाव त्या लोकॅलनुसार वाचलं जातं, त्यामुळे असेल बहुतेक. मग पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या रूल्स फाइलमध्ये एलसी_ऑल या लोकॅलच्या सेटिंगला सी.यूटीएफ-८ (देवनागरी चालणारं) द्यायचं का टेस्टमध्येच? कोथरूडच्या मित्राला विचारलं तर म्हणे टेस्टच बंद कर, धन्य आहे.

दुसरा प्रश्न जास्त डोकेदुखीचा. जुनं लिबआयडीएन डोमेन नावांच्या २००३ च्या नियमांवर चालतं, त्यात झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडायचं अदृश्य चिन्ह) गुपचूप गाळला जातो. म्हणजे कुणी 'दऱ्या' मधला ऱ्य साधा र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे असा टाइप केला की त्याचा 'दर्या' होतो, डोंगरातून थेट समुद्रात! २०१० च्या नव्या नियमांत हलंतानंतर तो चालतो, म्हणून प्युनिकोड वेगळा येतो. आणि ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलं तर तिसराच, दिसायला मात्र सेम.

आमचा एक जुना प्रोग्रॅम अजून जुन्या लायब्ररीवरच आहे. सोनेम (प्रोग्रॅम लायब्ररी ज्या नावाने शोधतो ते) वेगळं असल्याने दोन्ही शेजारी नांदतील, पण डेटाबेसमधल्या जुन्या नोंदींचं काय करता तुम्ही लोक? कुणी केलंय का हे आधी?